मॉनिटरिंगचा सर्व्हर कसा मोजावा: १,२०० सर्व्हर आणि ३५० नेटवर्क उपकरणांचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १,२०० सर्व्हर आणि ३५० स्विच-राउटर एकाच मॉनिटरिंग प्रणालीखाली आणायचे आहेत. विक्रेत्याने एकच मोठं यंत्र सुचवलंय. दोन प्रोसेसर मिळून ६४ कोअर, ५१२ जीबी रॅम आणि ७,२०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या) १२ हार्ड डिस्क, रेड ६ मध्ये, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचेल अशा जोडणीत. हे पुढची तीन वर्षं पुरेल का, की सध्याच्या व्हर्च्युअल क्लस्टरवरच दोन-तीन व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, काढून भागवावं?

हे यंत्र एका बाजूने गरजेच्या कितीतरी पुढचं आहे आणि दुसऱ्या बाजूने तोकडं आहे. निम्म्याहून जास्त कोअर आणि रॅम पडून राहतील, आणि डिस्क महिन्याभरात धापा टाकायला लागतील. क्लस्टरवर सगळंच टाकायचा विचारही सोडा. डेटाबेस तर तिथे नकोच. कारणं सविस्तर सांगतो, कारण आकडे तुम्हाला स्वतः मांडता आले तर पुढच्या खरेदीत कुणावर अवलंबून राहावं लागणार नाही.

पहिली चूक जवळजवळ सगळेच करतात ती म्हणजे 'किती सर्व्हर आहेत' यावरून सुरुवात करणं. प्रणालीला यंत्रांच्या संख्येशी काही देणंघेणं नसतं. तिला दर सेकंदाला किती नवी मोजमापं येतात, एवढंच कळतं. तेव्हा आधी तो आकडा काढू.

एका सर्व्हरवर साधारण १८० गोष्टी मोजल्या जातात असं धरा: प्रोसेसर, मेमरी, प्रत्येक डिस्क, प्रत्येक सेवा, इव्हेंट वगैरे. १,२०० सर्व्हरचे झाले २,१६,०००. स्विचचं प्रकरण लोक विसरतात. ४८ पोर्टचा स्विच, प्रत्येक पोर्टचे आठ काउंटर (रहदारी, चुका वगैरेंचे आकडे) म्हटले तरी ३८४ होतात, वर पंखे-तापमान धरून ४००. ३५० उपकरणांचे १,४०,०००. एकूण ३,५६,०००. सगळं दर मिनिटाला मोजायचं ठरवलंत तर सेकंदाला सुमारे ५,९०० मोजमापं. पण डिस्कमधली मोकळी जागा दर मिनिटाला बघायची गरज नसते. सर्व्हरवरच्या १८० पैकी ६० गोष्टी मिनिटाला आणि उरलेल्या १२० पाच मिनिटांनी घेतल्या, तर सर्व्हरचे १,२०० अधिक ४८०, म्हणजे १,६८० होतात. त्यात नेटवर्कचे २,३३० मिळवा. सेकंदाला ४,००० झाले. हाच आकडा घेऊन पुढे जाऊ. काही विकत न घेता तीस टक्क्यांहून जास्त भार उतरला, हेही लक्षात ठेवा. रिकाम्या पोर्टचे काउंटर बंद केलेत तर आणखी उतरेल. हार्डवेअरवर पैसा घालायच्या आधी टेम्प्लेट, म्हणजे कुठल्या यंत्रावर काय मोजायचं याची यादी, नीट वाचून काढा. मोजमापांची छाटणी करण्यात घालवलेला एक आठवडा मोठ्या यंत्रापेक्षा जास्त कामाला येतो.

आता जागा. झॅबिक्ससारखी प्रणाली, जी नेहमीच्या रिलेशनल डेटाबेसमध्ये लिहिते, तिच्या दस्तऐवजात एका मोजमापाला अंदाजे ९० बाइट धरायला सांगितलंय. सेकंदाला ४,००० म्हणजे दिवसाला साडेचौतीस कोटी मोजमापं, म्हणजेच ३१ जीबी. कच्चा डेटा ३० दिवस ठेवलात तर ९३० जीबी. त्यावर तासाच्या सरासरीचा डेटा वर्षाला २८० जीबी. तो दोन वर्षं ठेवला तर एकूण दीड टीबी. तात्पुरत्या फाइली, ट्रान्झॅक्शन लॉग आणि डेटाबेस अपग्रेड करताना लागणारी मोकळीक धरून ३ टीबी सोडा.

हीच मोजमापं प्रोमिथियसमध्ये, म्हणजे काळानुसारचे आकडे साठवण्यासाठीच बनलेल्या मॉनिटरिंग प्रणालीत, गेली तर? तिथे एक नमुना सरासरी १ ते २ बाइटमध्ये बसतो, कारण लगतच्या नमुन्यांमधला फरकच दाबून साठवला जातो. २ बाइट धरले तरी दिवसाला ७०० एमबीही होत नाहीत. ३० दिवसांचे २१ जीबी. तीच मोजमापं, तोच काळ, आणि एकीकडे ९३० जीबी तर दुसरीकडे २१. म्हणून सॉफ्टवेअर ठरायच्या आधी हार्डवेअरचं कोटेशन मागवण्यात अर्थ नाही. प्रोमिथियसची खरी भूक रॅमची आहे. ताजे दोन-तीन तास तो मेमरीत धरतो आणि तिथे वेगवेगळ्या सिरीज (लेबलांच्या प्रत्येक जोडणीमागे मोजमापांची एक स्वतंत्र मालिका) किती, यावर सगळं ठरतं. एखाद्या डेव्हलपरने एका मेट्रिकला लेबलं लावली: २०० पॉड (कंटेनरमध्ये चालणाऱ्या ॲपच्या प्रती), ५० यूआरएल, ५ स्टेटस कोड आणि हिस्टोग्रामचे १० खण. गुणाकार केला की एकट्या मेट्रिकच्या ५,००,००० सिरीज होतात. तुमच्या सगळ्या सर्व्हर-स्विचच्या मोजमापांपेक्षा हा आकडा मोठा आहे. तीन वर्षांत होणारी वाढ यंत्रांच्या संख्येतून येत नाही. ती अशा ठिकाणांहून येते. कंटेनर येणार असतील तर रॅमचा अंदाज त्या टीमला शेजारी बसवूनच काढा.

आता डिस्ककडे येतो, कारण तुमच्या कोटेशनमधली खरी अडचण तिथे आहे.

नेहमीच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये वाचन जास्त, लेखन कमी. इथे नेमकं उलटं. दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही, सेकंदाला ४,००० ओळी आत येत राहतात आणि त्या कुणी उघडून बघेलच असं नाही. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ८० च्या आसपास रँडम कामं करते. त्यापेक्षा फारसं नाही, कारण अर्धा फेरा फिरायलाच ४ मिलिसेकंद जातात आणि वर हेड हलायला वेळ लागतो. बारा डिस्कच्या झाल्या ९६०. पण रेड ६ मध्ये एक छोटं लेखन म्हणजे तीन वाचनं आणि तीन लेखनं: जुना डेटा आणि दोन पॅरिटी वाचायच्या, मग तिन्ही नव्याने लिहायच्या. ९६० भागिले ६, हातात राहिली सेकंदाला १६० लेखनं. त्याच डिस्क रेड १० मध्ये, म्हणजे प्रत्येक डिस्कची एक प्रत ठेवून, लावल्या तर ४८०. डेटाबेस एका दमात शेकडो ओळी लिहितो, त्यामुळे ४,००० ओळींना ४,००० लेखनं लागत नाहीत, हे खरं. पण इंडेक्सची (डेटाबेसच्या शोधसूचीची) पानं विखुरलेली असतात, आणि १६० हा आकडा इतका लहान आहे की एखादा मोठा रिपोर्ट चालला तरी रांग लागेल.

विक्रेता म्हणेल, कंट्रोलरला (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाला) बॅटरीवाली कॅश आहे. आहे, आणि छोटा झटका ती पचवते. पण हा झटक्याचा भार नाही, सततची धार आहे. कॅश भरली की वेग पुन्हा डिस्कचाच. शिवाय बॅटरी स्वतःची चाचणी घेते तेव्हा बरेचसे जुने कंट्रोलर राइट कॅश बंद करून थेट डिस्कवर लिहायला लागतात. बऱ्याच ठिकाणी महिना-दोन महिन्यांतून एकदा रात्री 'मॉनिटरिंग आपोआप हळू होतं आणि सकाळी आपोआप सुधारतं' ही तक्रार मी ऐकली आहे; बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

आणखी एक सापळा ३१ व्या दिवशी असतो. पहिले ३० दिवस प्रणाली फक्त लिहिते. ३१ व्या दिवसापासून जेवढं नवं आत येतं तेवढंच जुनं पुसावं लागतं. सेकंदाला ४,००० ओळी घालायच्या आणि ४,००० काढायच्या. प्रात्यक्षिकात झकास चाललेली व्यवस्था दुसऱ्या महिन्यात रडायला लागते ती यामुळे. म्हणून टेबलं पहिल्या दिवसापासून तारखेनुसार पार्टिशनमध्ये विभागा. मग जुना दिवस काढणं म्हणजे एक अख्खं पार्टिशन टाकून देणं, काही मिलिसेकंदांचं काम. नंतर भरलेल्या टेबलवर पार्टिशन करणं फार जिकिरीचं होतं.

डिस्कची माझी शिफारस: एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेल्या वेगवान फ्लॅश डिस्क), एंटरप्राइज दर्जाच्या, वीज गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेल्या. हे कपॅसिटर नुसते सुरक्षेसाठी नाहीत. डेटाबेस प्रत्येक कमिटला 'पक्कं लिहिलं ना?' असं विचारतो आणि कपॅसिटर असलेली डिस्क लगेच 'हो' म्हणू शकते. घरगुती एसएसडीवर हाच प्रश्न दर वेळी फ्लॅशपर्यंत जातो, आणि कागदावरचा वेग तिथे विरतो. ३.८४ टीबीच्या चार घ्या, दोन-दोन मिरर करून रेड १०. टिकाऊपणाबद्दल विक्रेते महागडा वर्ग पुढे करतात. इथे त्याची गरज नाही. दिवसाला ३१ जीबी डेटा, त्यावर इंडेक्स आणि लॉग धरून दहापट लिहिलं गेलं तरी ३१० जीबी. दिवसाला एकदा पूर्ण लिहिता येईल अशा साध्या वर्गाची ३.८४ टीबीची डिस्क वॉरंटीच्या पूर्ण काळात रोज त्याच्या बारापट झेलते. वाचलेले पैसे दुसऱ्या यंत्राकडे वळवा.

आता मी या सगळ्याबद्दल इतका आग्रही का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला मी स्क्रीनसमोर बसलो होतो. एक मोठा स्विच बंद पडला आणि त्यामागचे सुमारे ४०० सर्व्हर दिसेनासे झाले. आमचा डॅशबोर्ड मात्र हिरवाच. मला पहिली बातमी फोनवरून कळली. पलीकडचा माणूस विचारत होता, 'तुमच्याकडे काही दिसतंय का?' मी हिरव्या चौकोनांकडे बघून 'नाही' म्हणालो. मग अडकलेल्या तपासण्यांच्या रांगेचं पान उघडलं. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झालेल्या मोजमापांचा आकडा पान ताजं केलं की काही हजारांनी वाढत होता. चालू असलेल्या सर्व्हरचे आलेखसुद्धा एकाच रेषेवर कापल्यासारखे थांबले होते. पहिला अलर्ट आला तेव्हा स्विच बदलून झाला होता.

प्रोसेसर तेव्हा दहा टक्केसुद्धा वापरात नव्हता. घडलं ते असं: निरोगी सर्व्हर २० मिलिसेकंदांत उत्तर देतो, म्हणजे एक पोलर (सर्व्हरना एकामागून एक विचारणारी प्रक्रिया) सेकंदाला ५० तपासण्या करतो. १०० पोलर ५,००० करतात, कागदावर भरपूर. पण न दिसणारा सर्व्हर उत्तरच देत नाही, आणि पोलर टाइमआउट होईपर्यंत ताटकळतो. टाइमआउट ३ सेकंदांचा असेल तर तेच १०० पोलर सेकंदाला फक्त ३३ तपासण्या करतात. क्षमता दीडशेपटीने घसरली, आणि तीही नेमकी ज्या घटकेसाठी प्रणाली उभी केली त्या घटकेला. निरोगी सर्व्हरच्या तपासण्याही त्याच रांगेत मागे अडकल्या.

तेव्हापासून मी सरासरीवरून काही मोजत नाही. वाईट दिवस समोर ठेवतो आणि त्या दिवशी काय काय एकदम होईल ते लिहून काढतो. पोलर अडकतील. स्विच हजारो ट्रॅप (स्वतःहून पाठवलेले इशारे) आणि सिसलॉग (नोंदींच्या) ओळी फेकतील. ते सहसा यूडीपीवरून, म्हणजे पोचपावती नसलेल्या मार्गाने येतात, त्यामुळे घेणाऱ्याचा सॉकेट बफर भरला की उरलेलं पाठवणाऱ्याला पत्ता न लागता गळून जातं. लिनक्सवर हा बफर वाढवून ठेवा. आणि सगळे जण डॅशबोर्ड उघडतील. मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेशन्स मॅनेजरच्या अधिकृत मर्यादा पाहा: एका मॅनेजमेंट ग्रुपमध्ये एकाच वेळी २५ कन्सोल (बघणाऱ्यांच्या खिडक्या) उघडे असतील तर १५,००० एजंट (सर्व्हरवर बसवलेले छोटे प्रोग्राम), आणि ५० असतील तर ६,०००. नुसते बघणारे दुप्पट झाले, तर क्षमता निम्म्याहून खाली. तुमच्याकडे रोज पाच जण बघतात. अडचणीच्या दिवशी साठ बघतील. त्या साठांना धरून मोजा.

पोलरच्या दुखण्यावर उपाय हार्डवेअरचा नाही, मांडणीचा आहे. जिथे जमेल तिथे एजंटने स्वतःहून डेटा पाठवावा, म्हणजे न दिसणाऱ्या यंत्रासाठी कुणी ताटकळत नाही. झॅबिक्स वापरणार असाल तर ७.० किंवा पुढची आवृत्ती घ्या. २०२४ च्या त्या आवृत्तीपासून एजंट, एसएनएमपी (नेटवर्क उपकरणांकडून माहिती घ्यायची पद्धत) आणि एचटीटीपीच्या तपासण्या असिंक्रोनस झाल्या आहेत, एक पोलर एकाच वेळी शेकडो उत्तरांची वाट बघू शकतो. आणि प्रत्येक मोठ्या नेटवर्क विभागात एक प्रॉक्सी, म्हणजे तिथली मोजमापं गोळा करणारा मध्यस्थ, ठेवा. मधली वाट तुटली तर तो डेटा स्वतःपाशी साठवतो आणि वाट जोडली की पाठवतो. प्रॉक्सीला ४ कोअर आणि ८ जीबी रॅमचा व्हीएम पुरतो. तुमच्याकडे असे चार-पाच लागतील. तुमचं क्लस्टर इथे खुशाल वापरा.

मुख्य डेटाबेस मात्र क्लस्टरवर नको. क्लस्टर अडखळलं की त्याच्याबद्दल ओरडणारी प्रणालीही त्याच्यासोबत अडखळते. आणि रोजच्या कामातही बॅकअपचा स्नॅपशॉट घेताना आणि काढताना व्हीएम क्षणभर गोठतो. सतत लिहिणाऱ्या डेटाबेसला तेवढ्याने हिसका बसतो. ४ ऑक्टोबर २०२१ चं फेसबुकचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं, ती अडवायला हवं होतं त्या तपासणीच्या साधनात बग होता, मग डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) जगाला दिसेनासा झाला आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. त्यांच्याच इंजिनियरांनी नंतर लिहिलं की बिघाड शोधायची अंतर्गत साधनंही डीएनएस गेल्यामुळे चालेनाशी झाली आणि दुरुस्तीसाठीची वेगळी वाटही बंद होती. म्हणून स्वतःला विचारा: तुमच्या मॉनिटरिंगचं लॉगिन कशावर अवलंबून आहे? डीएनएस कुठला? अलर्टचा ईमेल कुठल्या सर्व्हरवरून जातो? यातलं जे जे तुम्ही मॉनिटर करता, त्याला एक पर्याय हवा. एक स्थानिक खातं, महत्त्वाच्या यंत्रांचे आयपी पत्ते होस्ट्स फाइलमध्ये आणि एसएमएससाठी सिमकार्ड घातलेला मॉडेम, एवढ्याने बरंच साधतं. यंत्राचा व्यवस्थापन पोर्टही वेगळ्या नेटवर्कवर न्या. आणि मॉनिटरिंग स्वतः जिवंत आहे का, हे बाहेरून कुणीतरी तपासायला हवं: दर मिनिटाला ठोका पाठवायचा, आणि तो थांबला की बाहेरच्याने हाक मारायची.

कोअरबद्दल फार लांबवत नाही. कमी पण वेगवान कोअर घ्या. एका सॉकेटचा, १६ ते २४ कोअरचा, जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रोसेसर पुरेसा आहे. दोन सॉकेट टाळले की मेमरी दुसऱ्या सॉकेटच्या बाजूला असण्याचा वेळखाऊपणाही टळतो. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर असेल तर परवाना कोअरवर मोजला जातो, म्हणजे ६४ कोअरचे पैसे दरवेळी तुमच्याच खिशातून. शिवाय त्याची स्टँडर्ड आवृत्ती २०२२ पर्यंत १२८ जीबीपेक्षा जास्त बफर वापरतच नाही, तिथे ५१२ जीबी कशाला? डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर १२८ जीबी, ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणारी), घ्या आणि चौथा हिस्सा शेअर्ड बफरला (डेटाबेसच्या स्वतःच्या कॅशला) देऊन सुरुवात करा. उरलेली ऑपरेटिंग सिस्टिम फाइल कॅशसाठी चांगली वापरते. मेमरीच्या पट्ट्या सगळ्या चॅनेलमध्ये सारख्या बसवून घ्या. आठ चॅनेलच्या प्रोसेसरला १६ जीबीच्या आठ पट्ट्या द्या. ६४ च्या दोन नकोत, त्याने मेमरीचा वेग पावपट होतो.

थोडक्यात खरेदी अशी: एका मोठ्या यंत्राऐवजी अशी दोन सारखी यंत्रं, वेगळ्या रॅकमध्ये, वेगळ्या वीजवाटेवर, डेटाबेस रेप्लिकेशनने (एकाचा डेटा दुसऱ्यावर सतत उतरत राहील अशी) जोडलेली. अख्ख्या लॉगचा साठा यात घुसवू नका. इलास्टिकसर्चसारखं (लॉग साठवून शोधायचं) काही आणणार असाल तर त्याचं नियोजन स्वतंत्र करा, त्याची भूक वेगळीच असते.

ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी करा. उधार मिळालेल्या यंत्रावर १०० सर्व्हर जोडून पाच आठवडे चालवा. दोन आठवडे पुरत नाहीत, ३१ वा दिवस बघायचाय. सेकंदाला येणारी मोजमापं, डेटाबेसची रोजची वाढ आणि आयओस्टॅटमधला (डिस्कचं काम दाखवणाऱ्या लिनक्स कमांडमधला) लेखनाचा सरासरी वेळ लिहून ठेवा. एनव्हीएमईवर तो १ मिलिसेकंदाच्या खाली राहिला पाहिजे. त्याच्या वर रेंगाळत असेल तर थांबा आणि कारण शोधा. दुसरं, परवानगी काढून चाचणीच्या एका रॅकची अपलिंक केबल भर दुपारी उपटा. घड्याळ लावून पहिला अलर्ट किती सेकंदांत आला ते मोजा, आणि त्या वेळेत बाकीच्या रॅकचे आलेख एकदाही तुटले नाहीत ना, ते पाहा. हे दोन आकडे मला कळवा. पोलर किती ठेवायचे आणि प्रॉक्सी कुठे बसवायचे ते त्यावरून नेमकं सांगता येईल.